मागील बाजूस एक खोली, आठ बाय दहा

आधीच सांगून ठेवलेलं बरं. यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी खुशाल ठेवू नये. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी घरदुरुस्तीची परवानगी काढली आहे, ते ठेवतील.

भुतांच्या गोष्टी रात्री बाराला सुरू होतात. ही सुरू झाली एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला. कारण खिडकी नंबर सात अकराला उघडते, आणि खिडकीमागचा माणूस सव्वाअकराला येतो.

जागा, नगरपालिकेचा दुसरा मजला. इमारत परवानगी विभाग.

आणि माणूस, आमचे साडू.

साडू हायस्कुलात भूमिती शिकवतात. शाळा सकाळची. साडेदहाला सुटली की दिवस मोकळा, म्हणून घरातली सगळी रांगेची कामं त्यांच्याकडे. स्वभावानं गरीब. फार राग आला तर फळ्यावरची रेघ जरा दाबून ओढतात, एवढंच. गेल्या वर्षभरात मात्र त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले, ते भूमितीच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत.

घर बैठं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागच्या खोलीत त्यांचे वडील, नाना. दोन वर्षांपूर्वी नानांचे दोन्ही पाय गेले. म्हणजे जागेवर आहेत, पण सांगितलेलं ऐकत नाहीत. आणि नेमकं त्याच खोलीचं छत खाली यायला निघालं होतं. आधी पोपडे पडायचे. मग स्लॅबच्या सळ्या दिसायला लागल्या, गंजून पापड झालेल्या. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढा तडा.

खाली नानांची खाट.

"नाना, पुढच्या खोलीत चला."

"का?"

"छत पडेल."

"हे छत मी उन्हात उभं राहून घालून घेतलंय. माझ्या अंगावर पडायची त्याची हिंमत नाही."

उचलायला गेलं की नाना खाटेची कड दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. पाय गेले होते, पकड शाबूत होती.

मिस्त्री आला. कामाला हात लावला. तिसऱ्या दिवशी दारावर नोटीस चिकटली: विनापरवाना काम तात्काळ थांबवा. मिस्त्रीनं खोलीत सात टेकू ठोकले, सामान उचललं आणि निघाला.

"परवानगी आणा मास्तर, दुसऱ्या दिवशी हजर होतो."

"टेकू किती दिवस धरतील?"

"ते टेकूंनाच विचारा."

अर्ज केला. नकाशा जोडला, करपावती जोडली, छत धोकादायक असल्याचा इंजिनिअरचा दाखला जोडला. चार महिने गेले. छत पडण्याआधी कागद मिळायला हवा, एवढी एकच शर्यत होती, आणि दोघांपैकी छत जास्त वेगानं धावत होतं.

तर तो मंगळवार.

"तुमची पाहणी झालीय," खिडकीवाला म्हणाला.

"कधी?"

"गेल्या गुरुवारी. दुपारी साडेबारा."

गुरुवारी साडूंची बायको दिवसभर घरात होती. कोणी आलं नव्हतं.

खिडकीवाल्यानं अहवाल पुढे सरकवला. साडूंनी वाचला.

मग पुन्हा वाचला...

'मागील बाजूस एक खोली, आठ बाय दहा. मंजूर नकाशात नाही. वापरात आहे. आत एक वृद्ध महिला बसलेली आढळली. नाव विचारले असता सांगितले नाही. "झालं का?" एवढेच विचारले.'

"ही खोली आमच्याकडे नाही," साडू म्हणाले.

"नकाशात नाही, तेच तर लिहिलंय."

"अहो, घरात नाही. मागं चार फुटांचा बोळ आहे आणि पलीकडे शेजाऱ्यांची भिंत. चार फुटांत आठ फुटांची खोली बसते का?"

"मग पाडून टाका."

"नाही ती कशी पाडू?"

"पाडल्याचा फोटो जोडा. फोटोत खोली दिसता कामा नये."

"ती तशीही दिसणार नाही."

"मग पाडायच्या आधीचाही एक लागेल. तुलनेला."

मागून रांगेतलं कुणीतरी खाकरलं. साडूंनी दहापर्यंत आकडे मोजले. नंतर वर्गमूळं काढली.

"दुसरा काही मार्ग?"

"हरकत घ्या. फेरपाहणी होईल. सहा महिने धरून चला. नाहीतर हमीपत्र द्या, खोली नियमित होते, फाइल लगेच पुढे जाते."

हमीपत्र छापीलच होतं. 'सदर खोली माझ्या मालकीची असून तिच्या, तसेच तीत राहणाऱ्या व्यक्तीच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.'

साडूंनी जिन्यात येऊन मिस्त्रीला फोन लावला.

"करा सही," मिस्त्री म्हणाला. "कागदावरची खोली ती. तिला ना झाडू मारायचा, ना रंग द्यायचा. तुमच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर सहा महिने आहेत का?"

नव्हते.

आयुष्यभर मुलांना 'सिद्ध केल्याशिवाय काही मानू नका' म्हणून सांगणाऱ्या माणसानं नसलेल्या खोलीवर सही केली. पेन एवढा दाबला की सही खालच्या तीन कागदांवर उमटली.

बुधवारी शाळा सुटल्यावर साडू घरी आले. नानांजवळ बसले. अकरा वाजले.

आणि मागच्या भिंतीपलीकडून...

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

शेजाऱ्यांकडचा असेल, म्हणून त्यांनी सोडून दिला.

दहा मिनिटं शांतता.

मग एका बाईचा आवाज. हळू, थकलेला, पण चांगल्या घरच्या माणसाचा असावा तसा मऊ.

"झालं का?"



साडूंनी काही बोलायच्या आत नाना उत्तरले, "अजून नाही. बसा तुम्ही."

"नाना... कुणाशी बोलताय?"

"पलीकडच्या बाईंशी."

"पलीकडे बोळ आहे."

"असेल. बाईपण आहेत."

साडू धावत मागे गेले. बोळात एक फुटकी कुंडी होती. आणि शेजाऱ्यांचं मांजर. ते भिंतीकडे टक लावून बघत होतं. साडूंना पाहून ते उठलं आणि निघून गेलं. त्यानंतर ते त्या बोळात कधी आलं नाही.

शिक्षक माणूस. त्यांनी वही सुरू केली. आठवडाभर नोंदी केल्या, घरी असले की स्वतः, बाहेर रांगेत असले की बायको.

आवाज सकाळी अकराला सुरू होतो. दीड वाजता थांबतो. अडीचला पुन्हा सुरू. बरोबर पाचला खुर्ची सरकते, मग काही नाही.

रात्री अवाक्षर नाही. रविवारी नाही. मधे एक सरकारी सुट्टी आली, त्या दिवशीही नाही.

"आज ऑफिस बंद," नाना म्हणाले. त्यांना सुट्टीच्या दिवशी करमेनासं झालं होतं.

एवढं नियमित वेळेवर येणारं त्या विभागाशी संबंधित दुसरं काहीच साडूंनी आजवर पाहिलं नव्हतं.

हसायला येतं. पण त्याच आठवड्यात नानांच्या उशीपासून वीतभर अंतरावर विटेएवढा तुकडा पडला. साडूंनी पुन्हा एकदा हात जोडले.

"नाना, आता तरी चला पुढच्या खोलीत."

"मी गेलो तर बाईंना उत्तर कोण देणार?"

साडूंच्या डोक्यात तिडीक गेली. बापावर नाही. कुणावर, ते त्यांना धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी मापाची स्टीलची टेप काढली. बायकोला बोळात उभं केलं. भिंत नऊ इंची. तड्यातून टेप घातली की नऊ इंचांनंतर ती बोळात दिसायला हवी. साधं गणित.

त्यांनी टेप आत सरकवली. एक फूट.

"आली का?"

"नाही," बाहेरून बायको म्हणाली.

दोन फूट. तीन.

"आता?"

"अहो, काहीच नाही. नीट घाला ना."

पाच फूट झाले. म्हणजे भिंत धरून बोळ संपला. सहा. सात. टेप कुठेही न अडकता जात होती, रिकाम्या खोलीत जाते तशी.

पावणेनऊ फुटांवर ती थांबली. भिंत वजा केली तर बरोबर आठ.

साडूंनी मागे ओढली.

आली नाही...

अडकलेली टेप कशी लागते ते त्यांना माहीत होतं. ती हिसके देते. ही अडकली नव्हती. आपण माप घेत असताना समोरच्या माणसानं टोक अंगठ्याखाली दाबून ठेवावं, हलू देऊ नये, तशी ती...

कुणीतरी धरली होती.

टेप ताणली गेली. सरळ, एका रेषेत. पलीकडचा माणूस माप वाचायची वाट पाहत होता.

मग त्यानं ती अलगद सोडली.

टेप सर्रकन हातात परत आली. टोकाला पांढरी पूड लागलेली होती. छताच्या गिलाव्याची.

"काय झालं हो?" बाहेरून बायकोनं विचारलं.

"काही नाही," साडू म्हणाले. "अहवालातलं माप बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर गेलेच नाहीत. थेट पाहणी निरीक्षकाच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. निवृत्तीला सहा महिने उरलेला गृहस्थ. समोर फायलींचा ढीग, त्यावर चष्म्याचं घर.

"तुम्ही माझ्या घरी आला नव्हतात."

निरीक्षकानं नाही म्हटलं नाही.

"दिवसाला अकरा घरं बघायची, मास्तर. गाडी एक, तीही साहेबांच्या बायकोकडे. मग त्याच भागातली जुनी फाइल काढायची नि मापं उतरवायची. बैठी घरं सगळी सारखीच. सगळेच करतात."

"माझ्या घराला कुणाची मापं लावलीत?"

 तो उठला, कपाटाच्या तळातून एक फाइल ओढून काढली. दोरी इतकी जुनी की हातातच तुटली.

एका विधवा बाईंचा अर्ज. एकट्या राहायच्या. एकच खोली, आठ बाय दहा. छत दुरुस्त करायची परवानगी मागितलेली.

"रोज यायच्या," निरीक्षक म्हणाला. "अकराला. त्या बाकावर बसायच्या. दीडला खाली जाऊन चहा घ्यायच्या, अडीचला परत. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. दहा-दहा मिनिटांनी खिडकीशी येऊन एकच प्रश्न विचारायच्या. आम्हाला हसू यायचं तेव्हा."

"किती दिवस?"

"चौदा महिने."

"मग?"

"मग यायच्या बंद झाल्या. सुट्टीचा दिवस होता. सुट्टी, म्हणून घरी होत्या. छत..."

साडूंनी फाइलचं शेवटचं पान उघडलं. त्यावर शिक्का होता आणि एक ओळ.

'अर्जदार पाठपुरावा करीत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

साडूंना ती ओळ दिसेनाशी झाली.

"चौदा महिने एक बाई तुमच्या डोळ्यांसमोर बसून होती," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या. "ती मेली तुमच्यापायी. आणि तुम्ही लिहिलंत, पाठपुरावा करत नाही?"

"तो नमुना आहे, मास्तर. मजकूर छापीलच असतो."

साडूंनी हात उगारला नाही. उगारायला हवा होता, असं ते अजून म्हणतात.

"माझ्या अहवालात ती बाई बसलेली आहे असं का लिहिलंत?"

निरीक्षकानं चष्मा काढला.

"मापं मी उतरवली. तेवढीच. बाईंची ओळ... मी लिहिली नाही. अक्षर माझंच आहे, ते मान्य." त्यानं जुनी फाइल मिटली. "ही मापं मी आधीही चार घरांना लावलीत. ती ओळ चारही वेळा आली. पण ते लोक भांडले, हरकत घेतली, खोली नाकारली. सही करून खोली आपली म्हणणारे तुम्ही पहिले."

"मग आता सही रद्द करायचा अर्ज द्या," साडू म्हणाले.

"तसा नमुना नाही."

तीन दिवसांत परवानगी घरपोच आली. निरीक्षकानं स्वतः प्रत्येक टेबलावर उभं राहून फाइल हलवली म्हणे. साडूंनी लिफाफा फाडला.

'मागील बाजूच्या आठ बाय दहा खोलीचे छत दुरुस्त करण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

खाली टीप. 'अर्जात उल्लेख केलेली दुसरी खोली सुधारित नकाशात आढळून येत नाही.'

दुसरी खोली म्हणजे नानांची.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता साडू कागद घेऊन तड्यापाशी उभे होते.

"झालं का?" पलीकडून आवाज आला.

नानांनी मुलाकडे बघितलं.

"झालं, बाई," साडू म्हणाले. "तुमचं झालं."

मग...

पलीकडे कुणीतरी सुस्कारा सोडला. खूप लांब. खुर्ची सरकली.

त्यानंतर 'झालं का' कधी ऐकू आलं नाही.

साडूंनी मिस्त्रीला फोन केला. "आत्ता निघ."

मिस्त्रीनं कागद वाचला. "ही तर भलत्याच खोलीची आहे. काम काढलं तर पुन्हा नोटीस येईल की."

"कुणाला? ही खोली त्यांच्या नकाशातच नाही. नसलेल्या खोलीला नोटीस कशी बजावतात ते मलाही बघायचंय."

मिस्त्री, त्याचे दोन गडी आणि साडू, अशा चौघांनी नानांना खाटेसकट उचललं. यावेळी नानांनी कड धरली नाही. पलीकडून कुणी बोलवत नव्हतं.

खाट दारातून बाहेर पडून दहा मिनिटंही झाली नसतील. स्लॅबचा अर्धा भाग सात टेकूंसकट खाली आला. खाट होती तिथंच.

धूळ खाली बसली.

"हिंमत झाली म्हणायची त्याची," पुढच्या खोलीतून नाना म्हणाले.

महिनाभरात नवं छत उभं राहिलं. मधे पालिकेचा एक माणूस येऊन गेला. त्यानं कामाकडे पाहिलं, हातातल्या नकाशाकडे पाहिलं, पुन्हा कामाकडे पाहिलं आणि नोटीस न लावता निघून गेला. मिस्त्रीनं भिंतीचा तडा सिमेंटनं बुजवला. रंग दिला. नाना परत आपल्या खोलीत आले.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पहिला रविवार. दुपार. नाना पडले होते, साडू पेपर तपासत होते. विभाग बंद. आणि रविवारी कधी न येणारा आवाज...

टप्.

साडूंनी वर बघितलं. नवं छत गुळगुळीत होतं. जमिनीवर काही नव्हतं.

टप्... टप्.

भिंतीपलीकडून.

वर्षभर तोच आवाज ऐकलेल्या माणसाला तो काय आहे हे सांगावं लागत नाही. पोपडे पडत होते.

"बाईंच्याकडचं छत," नाना म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. "आपलं करून घेतलंस. त्यांचं कधी करणार?"

माणूस एकदाच मरतो, असं आपण धरून चालतो. विभागाचा तसा काही नियम नाही.

सोमवारी साडूंनी मिस्त्रीला बोलावून सगळं सांगितलं. मिस्त्री हसला नाही. त्यानं भिंतीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला.

"परवानगी आहे," साडू म्हणाले. "तुला हवा तो माल आणतो. सही माझी आहे, आत जे कुणी असेल त्याची जबाबदारी माझी आहे. छत कर."

"आत जाऊ कुठून, मास्तर? होता तो तडा आपणच बुजवला."

"दार पाड भिंतीला. किती दिवस लागतील?"

"काम एका दिवसाचं." मिस्त्रीनं नजर चुकवली. "पण बाहेरच्या भिंतीला नवं दार म्हणजे... त्याला वेगळी परवानगी लागते. आणि मी विनापरवाना या भिंतीला हात लावणार नाही. दुसऱ्या कुठल्याही भिंतीला लावीन. हिला नाही."

दुसराही कोणी मिस्त्री तयार झाला नाही. साडूंनी स्वतः छिन्नी घेऊन बघितली. पाचव्या घावाला पलीकडे एवढा मोठा तुकडा कोसळल्याचा आवाज आला की छिन्नी त्यांच्या हातातून गळाली. आपण ठोकतोय आणि तिच्या डोक्यावर पडतंय.

ते खिडकी नंबर सातवर गेले. सव्वाअकरा वाजता. दाराचा अर्ज मागितला, तिथंच उभ्यानं भरला. 'कामाचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबला. रकाना बोटभर रुंद.

त्यांनी लिहिलं, 'आत माणूस आहे.'

खिडकीवाल्यानं अर्ज वाचला, साडूंकडे पाहिलं.

"असं नाही लिहायचं. 'हवा खेळती राहावी' असं लिहा. ते पटकन होतं."

"खोडणार नाही," साडू म्हणाले.

"मग वेळ लागेल."

साडूंनी खोडलं नाही.

अर्ज देऊन आज त्रेपन्न दिवस झाले. साडू रोज जातात. बाकावर बसतात. रविवारी घरी असतात, नानांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून.

परवाच्या रविवारी पडलेला तुकडा मोठा होता. त्याच्या पाठोपाठ पलीकडे कुणीतरी...

खुर्ची जराशी बाजूला सरकवून घेतली.